खाटेशेजारी बसण्याचा वेळ

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जालना, बीड, परभणी, बुलढाण्याहून रुग्ण येतात. गाव लांब, मजुरी बुडालेली, सोबतीला एखादाच नातेवाईक. डॉक्टर राऊंड घेऊन जातात. रात्रंदिवस हाकेच्या अंतरावर असते ती सिस्टर. म्हणूनच रुग्णाला धीर देणे हा एखादीच्या स्वभावाचा गोडवा न मानता उपचाराचा भाग मानला पाहिजे. १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स डॉक्टर होण्याआधी परिचारिका होत्या. शरीराचे दुखणे, मनातली भीती, घरची ओढाताण आणि श्रद्धेचे प्रश्न मिळून रुग्णाची वेदना बनते, असे त्यांनी मांडले. कर्जाच्या काळजीने जागणाऱ्याला नुसत्या गोळीने झोप लागत नाही.

यावर पहिला आक्षेप वेळेचा, आणि तो खराच आहे. पण कॅन्सस विद्यापीठाच्या रुग्णालयातला, २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास पाहावा. डॉक्टर खाटेशेजारी बसून बोलले तेव्हा, प्रत्यक्षात वेळ जवळपास तेवढाच असूनही, ते जास्त वेळ थांबले असे रुग्णांना वाटले. सलाईन लावताना नावाने हाक मारणे, ‘कशाची भीती वाटते?’ विचारून उत्तर पुरते ऐकणे, याला वेगळी पाळी लागत नाही. ‘काही होणार नाही’ म्हणणे मात्र टाळावे. त्याने रुग्णाचे बोलणेच खुंटते. दुसरा आक्षेप घरच्यांचा: ‘त्यांना सांगू नका, खचतील.’ यामागे माया असते. तरीही रुग्णाला अंदाज आलेला असतो, आणि लपवाछपवीत तो एकटा पडतो. निदान सांगणे डॉक्टरांचे काम. पण रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे हे विचारून डॉक्टरांच्या कानावर घालणे सिस्टरला जमते. मृत्यूनंतर ‘देवाची इच्छा’ म्हणण्यापेक्षा नातेवाइकांना मृताजवळ थोडे थांबू द्यावे, कागदपत्रे कुठे करायची ते सांगावे.

मात्र हे सारे सिस्टरच्या जिवावर ढकलून चालणार नाही. लिंडा एकेन यांच्या २००२ सालच्या अमेरिकी अभ्यासात, प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की रुग्णमृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी आणि परिचारिका थकून कोलमडण्याची २३ टक्क्यांनी वाढलेली आढळली. त्यामुळे रिक्त पदे भरणे आणि वॉर्डात मृत्यू झाल्यावर सिस्टरलाही मन मोकळे करायला थोडा वेळ देणे, ही जबाबदारी रुग्णालय चालवणाऱ्यांची आहे.