तळावरची खूण

आषाढात पेणच्या कारखान्यात मांडणीवर एका साच्यातल्या मूर्ती ओळीने उभ्या असतात. उंची तीच, आसन तेच, सोंडेचं वळण तेच, आशीर्वादाचा हात तसाच उचललेला. अंगाला पांढरा हात मारून झालेला असतो, पीतांबराचा रंग चढायचा असतो. नवख्या माणसाला त्यांत काही फरक दिसत नाही. कारागिराला दिसतो. एकीच्या कानामागची शिवण घासताना जरा जास्त घासली गेली आहे, दुसरीचा मोदकाचा हात जोडताना केसभर वर बसला आहे, तिसरी अजून आतून ओली आहे म्हणून उचलताना जड लागते. पण हे सगळं रंग चढेपर्यंतच. त्यानंतर ओळख उरते ती बुकिंगच्या वहीतल्या आकड्याची आणि शेवटच्या आठवड्यात चिकटवलेल्या चिठ्ठीची. माझं म्हणणं असं की तोवर उशीर झालेला असतो. सारख्या मूर्ती वेगळ्या ओळखण्याचं काम मूर्ती साच्यातून निघते त्याच दिवशी, तिच्या तळावर व्हायला हवं. आणि त्या खुणेत गिऱ्हाइकाच्या नावाच्या आधी मूर्तीची स्वतःची माहिती यायला हवी: माती कोणती, कारखाना कुठला, थापली कधी.

शाडूचं काम जवळून पाहिलं की एका साच्यातून एकसारखंच निघतं ही समजूत टिकत नाही. शाडू मुख्यतः गुजरातेतून, भावनगरकडून येते. ती भिजवून, मळून तिचा लोण्यासारखा गोळा करतात आणि साच्याच्या आतल्या अंगाला अंगठ्याने दाबत नेतात. मुकुटाच्या टोकाशी, सोंडेच्या खाचेत, बोटांच्या पेरांत अंगठा पोचत नाही; तिथे करंगळीचं टोक चालतं. थर किती जाड ठेवायचा हे मोजपट्टी सांगत नाही, हातालाच कळतं, आणि सकाळच्या ताज्या हाताचं माप दिवेलागणीच्या दमलेल्या हाताशी जुळत नाही. मग साच्याचे भाग जुळवून मूर्ती बाहेर काढायची, शिवण मिटवायची, वेगळे थापलेले हात लावायचे. इथून पुढचं काम हवेचं. माती वाळताना आकसते. पातळ थर लवकर वाळतो, जाड थर मागे राहतो, आणि त्या ओढाताणीत मानेशी किंवा हाताच्या जोडाशी तडा जातो. माघात थापलेली मूर्ती आणि ज्येष्ठाच्या दमट हवेत थापलेली मूर्ती एकाच साच्यातली असली तरी वाळण्याचा त्यांचा प्रवास वेगळा असतो. दोघींना सारखंच जपून चालत नाही.

प्लास्टर ऑफ पॅरिसची गोष्ट उलटी आहे. पाण्यात कालवलं की ते काही मिनिटांत घट्ट होतं आणि घट्ट होताना आकसायच्या ऐवजी किंचित फुगतं, म्हणून साच्यातली बारीकशी रेघही उचलतं. आत काथ्या घातला की पातळ भिंतीची, पोकळ, हलकी मूर्ती उभी राहते आणि टेम्पोतले धक्के सोसते. मूर्तींचा सारखेपणा खरा प्लास्टरला साधतो. शाडूला तो फिनिशिंगने आणि रंगाने आणावा लागतो, आणि पेणचे कारागीर तो इतका चोख आणतात की रंगवलेली शाडू आणि रंगवलेलं प्लास्टर शेजारी ठेवलं तर हात लावल्याशिवाय सांगता येत नाही. हे कसब मोठंच आहे. ओळखीचा प्रश्न मात्र त्याच कसबातून निघतो. स्प्रेने अंगाचा रंग सारखा बसला, पीतांबर, शेला, दागिने झाले, की मूर्तीचा पूर्वेतिहास झाकला जातो. डोळ्यांच्या आखणीत पुन्हा वेगळेपण येतं. भुवईची एक रेघ बदलली तर चेहऱ्यावरचा भाव बदलतो, आणि जाणकार गिऱ्हाईक मूर्ती निवडतं ते डोळे पाहूनच. पण आखणीवरून कळलंच तर आखणाऱ्याचा हात कळेल. थापणाऱ्याचा नाही, आणि मातीचा तर नाहीच. रंगाखाली जात नाही अशी जागा एकच, आसनाचा तळ. मूर्ती कलती करून पाहिली तर शाडूचा राखाडीपणा किंवा प्लास्टरचा पांढरा खरखरीतपणा आणि त्यातून डोकावणारा काथ्या तिथे तसाच असतो.

एका छपराखाली सगळं काम होत असतं तर याची फारशी गरज नव्हती. पण पेणचा धंदा आता एका छपराखाली राहिलेला नाही. पेण शहराबरोबर हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांतून घरोघर मूर्ती होतात, आणि त्यातल्या कितीतरी कच्च्याच, म्हणजे न रंगवलेल्या, राज्यभर जातात. तिथे त्यांना रंग मिळतो, कधी नवे दागिने मिळतात, आणि विकताना दुसऱ्याच चित्रशाळेचं नाव मिळतं. उलट, मुंबई-ठाण्यापासून पुण्यापर्यंत भाद्रपदाच्या तोंडावर पेणच्या सुबक मूर्तींच्या पाट्या लागतात; त्या प्रत्येक पाटीमागची मूर्ती पेणचीच असेल याची हमी त्या पाटीखेरीज कुणीच देत नाही. पेणहून वडखळ, नागोठणे करत रोह्याला मूर्ती निघाल्या तर अंतर फार नाही, जिल्हा तोच. तरी दुकानात मूर्ती उचलणाऱ्याला ती कुणी थापली ते विचारायची सोय नसते, आणि विकणाऱ्यालाही सांगता येईलच असं नाही. खोटेपणा नसतानाही माहिती हरवते, कारण ती मूर्तीच्या अंगावर कधी नोंदलेलीच नसते.

आज ओळख ठेवण्याच्या ज्या रीती आहेत त्या सगळ्या मागणीच्या बाजूने निघालेल्या आहेत. साच्याला नाव असतं: दगडूशेठ, लालबाग, टिटवाळा. त्याला जोडून इंचातली उंची, मग पीतांबराचा रंग, मग नाव लिहिलेली चिठ्ठी. पहिल्या तीन गोष्टी दहा जणांच्या सारख्याच असू शकतात, म्हणून सगळा भार चिठ्ठीवर येतो, आणि श्रावणातल्या दमट हवेत कागद किती टिकतो हे कोकणात कुणाला सांगायला नको. उंचीचा आधारही डळमळीत आहे. २०२० मध्ये करोनाच्या काळात शासनाने घरगुती मूर्तीला २ फूट आणि सार्वजनिक मूर्तीला ४ फुटांची मर्यादा घातली, तेव्हा मंडळांच्या मूर्ती एका मापाखाली आल्या आणि उंचीवरून ओळखण्याची सोय तेवढी कमी झाली. या सगळ्यांत मला सर्वांत शहाणी वाटते ती तळकोकणातली पाटाची रीत. घरचा पाट आधी गणपतीच्या शाळेत नेऊन द्यायचा आणि मूर्ती त्याच पाटावर घडवून घ्यायची. पाटाच्या कडा, चिरा, कुणी खाली कोरलेलं आडनाव यामुळे गल्लत होत नाही, आणि मुख्य म्हणजे ही खूण कामाच्या आरंभाला असते. साच्याच्या आणि घाऊक विक्रीच्या धंद्यात गिऱ्हाईक शेवटी येतं, त्यामुळे पाट आरंभी ठेवता येत नाही. मग ती जागा कारखान्याच्या खुणेने भरून काढायला हवी.

सारख्या वस्तूंवर खूण काय घालावी, याचं चांगलं उत्तर टेनिसमध्ये सापडतं. २०१८ ते २०२३ दरम्यान पुण्यात बालेवाडीला एटीपीची स्पर्धा होत होती, तिथे आलेल्या खेळाडूंच्या पिशवीतही एकाच बनावटीच्या, एकाच रंगाच्या पाच-सहा रॅकेट असणार. व्यावसायिक टेनिसची ती रीतच आहे. कारखान्यातून आलेल्या एकाच मॉडेलच्या दोन रॅकेटच्या वजनात काही ग्रॅमचा फरक असतो, तोल वेगळ्या बिंदूला पडतो, म्हणून शिशाची पट्टी लावून त्या जुळवून घ्याव्या लागतात. जुळवल्यावरही काम संपत नाही. तार लावल्या क्षणापासून तिचा ताण उतरू लागतो, रॅकेट नुसती पिशवीत पडली तरी. म्हणून मुठीवर किंवा दांड्याजवळ क्रमांक, आणि तार कधी लावली, किती ताणाने लावली याची पट्टी. सामन्यात चेंडू पहिल्यांदा ७ गेमनंतर आणि पुढे दर ९ गेमनंतर बदलतात. पुष्कळ खेळाडू त्याच वेळी ताज्या तारेची रॅकेट काढतात, आणि ती कोणती हे त्या पट्टीवरून कळतं. सगळ्या रॅकेट एकाच मालकाच्या असल्यामुळे नाव लिहून तिथे काहीच साधलं नसतं. वस्तूची आजची अवस्था आणि तिचा मागचा प्रवास एवढंच खुणेतून कळायला हवं असतं. थापल्याच्या तारखेवरून शाडूच्या मूर्तीबद्दल हेच कळतं: किती वाळली असेल, रंगाला घ्यायची की थांबायचं, एका घाण्यातल्या दोन मूर्तींना तडा गेला तर बाकीच्या कोणत्या तपासायच्या.

शासनालाही खुणेची गरज पटली आहे, फक्त ती उलट्या टोकाने आली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसच्या, मूर्तींना मनाई करणारी सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली. पुढे जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीओपी मूर्ती करायला आणि विकायला वाट मोकळी करून दिली, पण नैसर्गिक पाण्यातल्या विसर्जनावर बंधन ठेवलं. सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायच्या असं ठरलं. आणि मग अशा मूर्तीच्या पाठीमागे लाल खूण करायला सांगण्यात आलं. खूण झाली हे बरंच झालं. पण ती एवढंच सांगते की ही मूर्ती पीओपीची आहे. खूण नाही म्हणजे शाडूच, असा अर्थ लोक घेणार, आणि खूण करायची राहून गेलेली प्रत्येक प्लास्टरची मूर्ती आपोआप शाडूत जमा होणार. खरी शाडू करणाऱ्याच्या हातात यातून काही येत नाही. त्याचा खर्च जास्त, वेळ जास्त, फुटतूट जास्त. तरी त्याचं काम सिद्ध करायचं ते दुसऱ्याच्या मूर्तीवरच्या खुणेने. हा अन्याय आहे, आणि त्यावर उपाय सोपा आहे.

तळावरच्या खुणेवर पहिला आक्षेप येईल तो श्रद्धेचा: देवाच्या अंगावर शिक्का कसा मारायचा? पण आपल्या परंपरेत मूर्ती देव होते ती प्राणप्रतिष्ठेनंतर. त्याआधी कारागीर तिला कलती करतो, घासतो, मान जोडतो, आणि त्यात कुणाला अवमान वाटत नाही. तळ पाटावर टेकला की खूण पूजेत दिसतही नाही. दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो जास्त खरा आहे, कारण हंगामात हात कमी पडतात. मात्र ओल्या मातीत छोटा ठसा दाबायला लागणारा वेळ शिवण मिटवण्यापुढे काहीच नाही. साच्याच्या तळाशीच कारखान्याचं नाव कोरून ठेवलं तर तेवढाही लागणार नाही, तारखेपुरती काडीने रेघ ओढली की झालं. रंगवलेल्या मूर्तीवर शेवटच्या चार दिवसांत चिठ्ठ्या जुळवताना होणारी धावपळ याच्या कितीतरी पट असते. तिसरा आक्षेप जुन्या कारागिरांचा: आम्ही आपलं काम नुसत्या नजरेने ओळखतो. ओळखतात, यात शंका नाही. पण ती नजर मूर्तीबरोबर टेम्पोत बसत नाही, आणि तो माणूस काम सोडतो तेव्हा त्याच्याबरोबरच जाते. नकली ठसा कुणी मारणार नाही असं मी म्हणत नाही. ठसा असला तर निदान तो कुणाचा म्हणून मारला हे विचारता येतं. कोऱ्या तळाला काहीच विचारता येत नाही.

रोह्याला कुंडलिकेच्या काठावर अनंत चतुर्दशीला मूर्ती हातात घेणाऱ्या स्वयंसेवकाचा विचार केला की हा सगळा वाद एका साध्या गरजेवर येतो. त्याच्यासमोर रांग असते, अंधार पडत असतो, आणि नदीत की तलावात हे त्याला काही सेकंदांत ठरवायचं असतं. शाडू पाण्यात काही तासांत विरघळते, प्लास्टर महिनोन्महिने तसंच राहू शकतं. चूक झाली तर ती नदीला भोगावी लागते. मूर्ती किंचित कलती करून तळ पाहिला आणि तिथे माती, कारखाना आणि तारीख मिळाली, तर त्याला घरच्यांशी हुज्जत घालावी लागणार नाही. त्यासाठी कायद्याची वाट पाहायचंही कारण नाही. पेणमधले शाडूचं काम करणारे कारखानदार एकत्र बसून येत्या हंगामाच्या पहिल्या घाण्यापासून हे सुरू करू शकतात.