गोरिलांचे शेजारी

युगांडाच्या नैर्ऋत्येस ब्विंडी हे घनदाट डोंगरी अरण्य आहे. जगातील पर्वतीय गोरिलांपैकी सुमारे निम्मे येथे राहतात. अरण्य संपते तेथेच शेतांचे उतार सुरू होतात. १९९६ साली येथील एका गोरिला कुटुंबाच्या अंगाला कंड सुटली, केस झडू लागले आणि एक पिल्लू दगावले. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका या तरुण पशुवैद्यक डॉक्टरांनी निदान केले : खरूज. शेतातील बुजगावण्यांना घातलेल्या जुन्या कपड्यांतून ती माणसांकडून गोरिलांकडे गेली असावी, असा निष्कर्ष निघाला. गोरिला हा आपला जवळचा आप्त; आपले रोगही त्याला जडतात.

यातून डॉक्टरांनी जो अर्थ काढला, तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. शेजारच्या गावांत स्वच्छता आणि औषधोपचार नसतील, तर केवळ गोरिलांवर उपचार करून काय साधणार? २००३ साली त्यांनी स्थापन केलेली संस्था गावातील स्वयंसेवकांमार्फत घरोघरी आरोग्य व कुटुंबनियोजनाचे काम करते. शेतात उतरलेल्या गोरिलांना न दुखावता अरण्याकडे वळविणारी पथकेही गावकऱ्यांचीच आहेत. उद्यानाच्या प्रवेशशुल्कातील २० टक्के वाटा भोवतालच्या गावांसाठी राखलेला आहे. २०१८ साली पर्वतीय गोरिलांची संख्या हजारावर गेल्याचे जाहीर झाले.

परंतु ‘लोकसहभाग’ हा शब्द वाचला की, ‘कोणते लोक?’ असे विचारण्याची आम्हांस सवय आहे. १९९१ साली ब्विंडीचे राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा त्या अरण्यात पिढ्यान्‌पिढ्या शिकार, मध व कंदमुळांवर जगलेल्या बाट्वा लोकांना तेथून बाहेर काढण्यात आले. ज्यांनी जमीन नांगरली होती, त्यांना भरपाई मिळाली. बाट्वांनी अरण्य नांगरलेच नव्हते. त्यामुळे त्यांच्यातील बहुतेकांच्या पदरी काहीच पडले नाही आणि ते दुसऱ्यांच्या जमिनीवर उपऱ्यासारखे राहू लागले. शेजारचे लोक त्यांच्याबरोबर एका पंगतीला बसत नसत. हे कसे असते, ते या स्मरणिकेच्या वाचकांस सांगावयास नको.

बाट्वांनी न्यायालयाचा मार्ग धरला. २०२१ साली युगांडाच्या घटना न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आज काही बाट्वा कुटुंबे पर्यटकांना आपल्या पूर्वजांचे वनजीवन करून दाखवितात, मध कसा काढत, अग्नी कसा पेटवीत ते सांगतात, आणि पर्यटक परतले की अरण्याबाहेरच्या आपल्या झोपड्यांकडे जातात.