अलिसा जगली, हे ठरवलं कोणी?

कॅपकॉमच्या झोम्बींच्या गेममालिकेतल्या ‘रेझिडेंट ईव्हिल रेक्विएम’चा पहिला ट्रेलर जून २०२५ मध्ये आला, तेव्हा बहुतेकांची नजर बेचिराख झालेल्या रकून सिटीच्या दृश्यावर खिळली. जुन्या खेळाडूंनी मात्र एक आडनाव हेरलं. नायिकेचं नाव ग्रेस ॲशक्रॉफ्ट. एफबीआयची ही विश्लेषक तपासासाठी ज्या हॉटेलात जाते, तिथेच आठ वर्षांपूर्वी तिची आई मारली गेली. ती आई म्हणजे अलिसा ॲशक्रॉफ्ट, रकून सिटीतली वार्ताहर. २००३ साली प्लेस्टेशन २ वर आलेल्या ‘आउटब्रेक’ या गेममधल्या आठ पात्रांपैकी ती एक.

हे आडनाव ऐकून लोक खुर्चीतून उठले, त्याला कारण होतं. ‘आउटब्रेक’मध्ये अलिसाचं काय होणार हे खेळणाऱ्याच्या हातात होतं. शहरातून निसटता येत होतं, वाटेत मरताही येत होतं, आणि शेवटही एकाहून अधिक होते. मालिकेच्या मुख्य गोष्टीत या गेमला जागा आहे की नाही, यावर तेव्हापासून वाद चालू आहे. चाहते ज्याला ‘कॅनन’ म्हणतात, म्हणजे मालिकेत खरोखर घडलं असं मानायचं ते कथानक, त्यात अलिसा जिवंत होती का?

याचं उत्तर २०१७ मध्येच मिळालं होतं, फार थोड्यांनी ते वाचलं. ‘रेझिडेंट ईव्हिल ७’मध्ये वर्तमानपत्राचं एक कात्रण सापडतं. लुइझियानातल्या डल्वी परिसरात माणसं बेपत्ता होत असल्याची ती बातमी आहे आणि ती लिहिणारीचं नाव आहे अलिसा ॲशक्रॉफ्ट. रकून सिटीवर क्षेपणास्त्र पडलं १ ऑक्टोबर १९९८ रोजी. त्यानंतर जवळजवळ दोन दशकांनी ही बाई बातम्या लिहिते आहे, म्हणजे ती वाचली. कंपनीने पत्रक काढलं नाही, कुणी मुलाखत दिली नाही. गेममधल्या एका कागदाने निकाल दिला, आणि आठ वर्षांनी त्याच कागदावर नवी नायिका उभी राहिली.

माझ्या मते या मालिकेत कॅनन असंच ठरतं. पुढच्या गोष्टीला मागचं जे लक्षात ठेवावं लागतं, ते घडलं. बाकीचं नुसतं खेळून झालं.

पहिल्या गेमपासून हेच आहे. २२ मार्च १९९६ रोजी जपानमध्ये ‘बायोहॅझर्ड’ नावाने तो आला, दिग्दर्शक शिंजी मिकामी. सुरुवातीलाच झोम्बींनी भरलेल्या वाड्यात अडकलेल्या ख्रिस किंवा जिल या पोलिसांपैकी एकाला निवडायचं. ख्रिसला निवडलं की त्यांची सहकारी रेबेका भेटते आणि दुसरा सहकारी बॅरी याचा पत्ता नसतो. जिलला निवडलं की बॅरी भेटतो, रेबेका कुठेच नसते. पण नंतरच्या सगळ्या गेममध्ये चौघंही जिवंत बाहेर पडल्याचं गृहीत धरलं आहे. रेबेका २००२ च्या पूर्वकथेची नायिका झाली, पुढे ॲनिमेशनपटांतही आली. बॅरी २०१५ मध्ये ‘रेव्हेलेशन्स २’मध्ये परतला. पहिल्या गेमच्या एकाही शेवटात मात्र हे चौघं एकत्र दिसत नाहीत. ज्याला मालिका खरं मानते, तो शेवट त्या गेममध्ये नाहीच.

ही सवय मालिकेला कुणी लावली असं विचाराल तर मी नोबोरू सुगिमुरा यांचं नाव घेईन. त्यांच्याविषयी जितकं लिहिलं जायला हवं होतं तितकं लिहिलं गेलेलं नाही. दुसऱ्या गेमचं काम हिदेकी कामिया यांच्या दिग्दर्शनाखाली बरंच पुढे गेलं होतं. त्यात एल्झा वॉकर नावाची मोटरसायकल चालवणारी विद्यार्थिनी होती आणि पहिल्या गोष्टीशी तिचं काही नातं नव्हतं. मिकामींच्या मनात तर गोष्ट दुसऱ्या भागातच संपवायची होती. कॅपकॉममधले वरिष्ठ योशिकी ओकामोतो यांनी सुगिमुरांना बोलावलं. हा माणूस जपानी टीव्हीवरच्या मुलांच्या पराक्रमी मालिका लिहिणारा. त्यांनी मसुदा वाचला आणि गोष्टी जोडायला सांगितलं. एल्झाची क्लेअर रेडफील्ड झाली, ख्रिसची बहीण, भावाला शोधत शहरात आलेली. तयार होत आलेला गेम बाजूला ठेवून नवा बांधला आणि तो जानेवारी १९९८ मध्ये आला.

टीव्हीवर दर आठवड्याला पुढचा भाग द्यावा लागतो. मागच्या भागात काय अर्धवट सोडलं याचा हिशेब ठेवणं हे तिथल्या लेखकाचं रोजचं काम. सुगिमुरांनी ती शिस्त भयपटासारख्या गेममध्ये आणली, पुढे फ्लॅगशिप या लेखन-स्टुडिओतून ‘कोड व्हेरोनिका’ची गोष्टही घडवली. २००५ मध्ये ते गेले. एक बहीण भावाला शोधायला आली नसती, तर तीस वर्षं टिकणारी ही वंशावळ तयारच झाली नसती, असं मला ठामपणे वाटतं.

१९९८ च्या त्या गेमची रचना आजही थक्क करते. आधी नवखा पोलीस लिऑन खेळा आणि मग क्लेअर, किंवा उलट. क्रम बदलला की प्रसंग बदलतात. पहिल्याने उचललेलं एखादं शस्त्र दुसऱ्याला मिळत नाही. लिऑनला भेटणारी गुप्तहेर एडा वाँग दोन्ही क्रमांत मेल्यासारखी दिसते, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. २००५ च्या चौथ्या भागात ती लाल पोशाखात धडधाकट परतली. ती वाचली कशी, हे २००७ च्या ‘अंब्रेला क्रॉनिकल्स’मधल्या एका प्रकरणाने दाखवलं, आणि ते प्रकरण जुळतं लिऑन दुसरा असलेल्या क्रमाशी. म्हणजे क्लेअर आधी, लिऑन नंतर. नऊ वर्षांनी निकाल लागला, तोही एका बाईला जिवंत ठेवायची गरज पडली म्हणून.

म्हणूनच २०१९ च्या रिमेकचं मला पूर्ण कौतुक करता येत नाही. अंधार, आवाज, पोलीस ठाण्याच्या कॉरिडॉरमधली धास्ती, यात तो अव्वल आहे. पण लिऑन आणि क्लेअर दोघंही त्याच पुतळ्यांतली तीच पदकं काढतात, त्याच जागी राक्षस झालेल्या त्याच बर्किनशी लढतात, आणि त्याची बायको ॲनेट दोघांच्या गोष्टीत वेगवेगळी मरते. दोन्ही हकिगती एकाच रात्री खऱ्या असूच शकत नाहीत. जुन्या गेमने ही जुळणी निदान जिवापाड केली होती. २०२० च्या तिसऱ्या भागाच्या रिमेकने तर जिलचा सहकारी ब्रॅड व्हिकर्स याचा मृत्यूच बदलला. १९९९ मध्ये त्याला पोलीस ठाण्यासमोर नेमेसिस या राक्षसाने मारलं होतं. नव्या गेममध्ये त्याला बारच्या दारात झोम्बी चावतो, आणि पुढे ब्रॅडच झोम्बी होऊन मार्व्हिन या पोलिसाला चावतो. हा बदल कथेला धरून आहे, मला आवडलाही. पण यातला कुठला ब्रॅड खरा, हे सांगण्याची जबाबदारी कॅपकॉमने घेतलेली नाही.

कागदांची ताकद मोठ्या गोष्टींतही दिसते. १९९६ च्या गेममध्ये प्रयोगांना बळी पडलेली लिसा ट्रेव्हर नव्हतीच, ती २००२ च्या रिमेकमध्ये आली. खलनायक वेस्करच्या नावाने लिहिलेल्या अहवालाने दुसऱ्या गेममधल्या जी-व्हायरसचा उगम तिच्या शरीरात नेऊन ठेवला. २०२१ च्या ‘व्हिलेज’मध्ये अंब्रेला कंपनीचा संस्थापक स्पेन्सर याचं एक पत्र सापडतं आणि पाव शतक जुन्या या कंपनीचं बोधचिन्ह पूर्व युरोपातल्या एका खेड्यातून आल्याचं कळतं. चौथ्या भागाने उलट केलं होतं. सगळ्या मालिकेचा खलनायक असलेली अंब्रेला सुरुवातीच्या निवेदनातच, शेअर कोसळून संपली. इतक्या मोठ्या शत्रूला इतकी कमी वाक्यं मिळावीत हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

चित्रपटांबद्दल फार बोलायचं कारण नाही. पॉल डब्ल्यू. एस. अँडरसन यांच्या मालिकेतली ॲलिस कुठल्याही गेममध्ये नाही, म्हणून ती गोष्ट वेगळी. २००८ च्या ‘डीजनरेशन’पासूनचे ॲनिमेशनपट मात्र गेमच्याच कालक्रमात बसतात. मार्च २०१२ च्या ‘ऑपरेशन रकून सिटी’त तुम्ही लिऑनला ठार मारू शकता, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सहाव्या भागात तो हजर होता. पुढच्या गोष्टीला लिऑन हवा होता, वाद तिथेच मिटला.

आता प्रश्न ‘आउटब्रेक’चा. अलिसा ही रेक्विएमच्या नायिकेची आई आहे, तर ती जिथे पहिल्यांदा भेटली तो गेम नव्या खेळाडूंनी बघायला हवा. पहिले तीन जुने गेम २०२४ पासून पीसीवर पुन्हा विकत मिळतात. ‘आउटब्रेक’ तसा मिळत नाही. त्याचे अधिकृत सर्व्हर कधीच बंद झाले आणि चाहत्यांनी स्वतःच्या खर्चाने उभारलेल्या सर्व्हरवर तो तगून आहे. ज्या गेमच्या एका पात्रावर कॅपकॉमने आपला नवा मोठा गेम उभा केला, तो गेम त्यांनी आता सर्वांना खेळता येईल असा पुन्हा बाजारात आणावा. आणि तुम्ही रेक्विएम खेळाल तेव्हा टेबलावरचे कागद न वाचता पुढे जाऊ नका. पुढच्या भागाची नायिका त्यातल्याच एखाद्या बातमीच्या शेवटी सही करून गेलेली असेल.