फँटसी बेसबॉल : कुणाच्या नजरेत न आलेला पिचर कसा हेरायचा?

"बेसबॉल? आणि तोही फँटसी? अगं, सबमिशन कधी करणार?" हा प्रश्न मला मेसमध्ये आठवड्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो. म्हणून म्हटलं, एकदाच सविस्तर लिहून टाकावं. दोन्ही होस्टेल मिळून आमची दहा टीमची लीग आहे. कुणाच्या तरी न्यू जर्सीतल्या मावसभावाने नाद लावला आणि तो पसरला. रेक्टर सरांच्या माहितीसाठी : यात एक पैसाही लावला जात नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने बंदीचा कायदाच केला, आणि आमची लीग त्याच्या आधीपासून फुकटातली आहे. शेवटच्या नंबराने बाकी नऊ जणांना मेस बंद असलेल्या रविवारी संध्याकाळी जेवायला घालायचं, एवढंच. पण नऊ जणांचं जेवण म्हणजे महिन्याच्या पॉकेटमनीचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको!

हा खेळ मूळचा अमेरिकेतला. १९८० साली डॅनियल ओक्रेंट नावाच्या लेखकाने आणि त्याच्या मित्रांनी तो सुरू केला. न्यूयॉर्कमधल्या ज्या रेस्टॉरंटमध्ये ते जमायचे त्याच्या नावावरून त्याला 'रोटिसरी' म्हणतात. खऱ्या खेळाडूंमधून तुम्ही आपली टीम निवडायची, आणि ते खऱ्या सामन्यात जे करतील ते आकडे तुमच्या खात्यात जमा.

आता पिचर म्हणजे आपला बोलर, हे चित्रपटांमुळे सगळ्यांना माहीत असतं. फरक असा की एका बाजूने एकच पिचर सुरुवात करतो आणि दमेपर्यंत तोच टाकतो. तो 'स्टार्टर'. मग चार दिवस विश्रांती आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा पाळी. त्याच्याकडून आपल्याला मुख्यतः चार गोष्टी मिळतात : विन, स्ट्राइकआउट, ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेले रन) आणि व्हिप (दर इनिंगमागे दिलेले वॉक अधिक हिट). पाचवा रकाना सेव्हचा, तो शेवटी येणाऱ्या पिचरचा, त्याबद्दल इथे बोलत नाही.

ड्राफ्टमध्ये पहिल्या काही फेऱ्यांत मोठी नावं सगळ्यांनाच माहीत असतात. तिथे कुणाची अक्कल दिसत नाही. लीग जिंकली जाते ती शेवटच्या पाच-सहा फेऱ्यांत, जेव्हा बाकीचे कंटाळून कुणालाही उचलत असतात. तिथे काय बघायचं, ते सांगते.

सगळ्यात आधी, विनकडे बघू नका. विन मिळायला स्टार्टरला किमान पाच इनिंग टाकाव्या लागतात आणि तो बाहेर जाताना त्याची टीम पुढे असावी लागते. म्हणजे अर्धी गोष्ट बॅटर लोकांच्या हातात. न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमचा २०१८ चा ईआरए १.७० होता, त्या वर्षी त्याला आपल्या लीगचा सर्वोत्तम पिचर म्हणून साय यंग पुरस्कार मिळाला, आणि त्याचे विन किती? दहा. हार नऊ! बिचाऱ्याने आणखी काय करायचं?

ईआरएची फसवणूक जास्त बेरकी आहे. २००१ साली वोरोस मॅक्रॅकन नावाच्या एका हौशी आकडेवाल्याने एक विचित्र गोष्ट मांडली. होमरन सोडले तर बॅटला लागून मैदानात गेलेल्या चेंडूंपैकी किती हिट ठरतात, यावर पिचरचा ताबा फारच थोडा असतो. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. पुढच्या अभ्यासात थोडी दुरुस्ती झाली, पण गाभा टिकला. शंभर चेंडू मैदानात गेले तर साधारण तीस हिट होतात, मग पिचर कुणीही असो. बाकी फील्डर कुठे उभा होता, चेंडू त्याच्या हातात गेला की दोन फूट बाजूने, असा मामला. आपल्याकडे स्लिपमध्ये कॅच सुटला तर आपण बोलरला शिव्या देतो का?

एम-थ्री पास झालेल्यांसाठी हिशोब. ५० इनिंगमध्ये साधारण १४० चेंडू मैदानात जातात. प्रत्येकाची हिट होण्याची शक्यता ०.३ धरा. बायनॉमिअल लावला तर सरासरी ४२ आणि स्टँडर्ड डेव्हिएशन सुमारे ५.४. म्हणजे निव्वळ नशिबाने कुणी ३१ हिट देईल, कुणी ५३. दोघेही सारखेच चांगले! ५३ वाल्याने सरासरीपेक्षा ११ हिट जास्त दिले. आउटऐवजी हिट झाला की त्याची किंमत साधारण पाऊण रन. म्हणजे आठ रन जास्त, आणि ईआरए जवळजवळ दीडने वर. ३.६० चा माणूस ५ चा दिसायला लागतो आणि लोक त्याला सोडून देतात. आपण नेमकं तिथेच उभं राहायचं, ओंजळ धरून.

मग भरवशाचं काय? स्ट्राइकआउट आणि वॉक. या दोन्हींत फील्डरचा संबंध नाही. आजकाल शंभर बॅटरमागे सरासरी बावीस-तेवीस स्ट्राइकआउट आणि आठ-साडेआठ वॉक असतात. एकातून दुसरं वजा करा. फरक वीसच्या आसपास असेल आणि ईआरए तरी खराब असेल, तर ताबडतोब उचला. क्लीव्हलँडचा कोरी क्लूबर २०१३ मध्ये असाच होता. ईआरए ३.८५, म्हणजे बरा, पण कुणी वळून बघावं असा नाही. मात्र १४७ इनिंगमध्ये १३६ स्ट्राइकआउट आणि वॉक फक्त ३३. पुढच्या वर्षी १८ विन, २.४४ ईआरए, २६९ स्ट्राइकआउट आणि साय यंग. डेट्रॉइटचा तारिक स्कूबल २०२३ मध्ये हाताच्या ऑपरेशननंतर जुलैत परतला, ८० इनिंगमध्ये १०२ स्ट्राइकआउट आणि १४ वॉक. २०२४ मध्ये साय यंग. दुखापतीवरून परतलेला माणूस लोक घाबरून टाळतात, त्याचे परतल्यानंतरचे आकडे कुणी उघडून बघत नाही.

स्ट्राइकआउट कमी असूनही चालणारा एक प्रकार आहे : ज्याचे चेंडू बॅटला लागून जमिनीवरच राहतात. सरपटणाऱ्या चेंडूचा होमरन होत नाही, साधी गोष्ट. ह्यूस्टनच्या डॅलस काइकलचा वेग बेताचा होता. २०१२ आणि २०१३ मध्ये ईआरए पाचाच्या वर, पण चेंडू जमिनीवर. २०१४ मध्ये २.९३, आणि २०१५ मध्ये २० विनसह साय यंग.

मैदानही बघा. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटरवर आहे. तिथे हवेची घनता पंधरा-वीस टक्क्यांनी कमी. फ्लुइड मेकॅनिक्स आठवा : ड्रॅग कमी म्हणून मारलेला चेंडू लांब जातो, आणि मॅग्नस इफेक्ट कमी म्हणून कर्व्हबॉल नीट वळतच नाही. पिचरला दोन्हीकडून मार! २००२ पासून तिथे चेंडू ठराविक दमटपणात ठेवतात, त्याने फरक पडला, पण हवा तीच आहे. कोलोरॅडोचा पिचर घरच्या सामन्यात मी कधीच लावत नाही. उलट तिथून दुसऱ्या टीममध्ये गेलेला पिचर दिसला की दोनदा बघते.

आता एवढं सगळं वाचून कुणाला वाटेल की एक्सेल शीट केली की झालं. तसं नाहीये. जेक अरिएटा बाल्टिमोरला होता तेव्हा त्याचा तिथला एकूण ईआरए ५.४६ आणि नऊ इनिंगमागे सुमारे चार वॉक. माझ्या वरच्या कुठल्याही चाळणीत तो अडकला नसता. २०१३ च्या जुलैत तो शिकागो कब्जकडे गेला, आणि २०१५ मध्ये २२ विन, १.७७ ईआरए, साय यंग. म्हणून टीम बदललेल्या पिचरची बातमी वाचायची. नवा चेंडू शिकला का, आधी बंद केलेला पुन्हा टाकायला लागला का, हे आकड्यांत उशिरा दिसतं.

आणि आर. ए. डिकी. हा माझा लाडका, कारण सांगते. १९९६ मध्ये टेक्सासने त्याला पहिल्या फेरीत निवडलं, ८,१०,००० डॉलर देऊ केले. मग तपासणीत कळलं की त्याच्या उजव्या कोपरात एक लिगामेंट मुळातच नाही. बोली ७५,००० वर आली. हात तोच, चेंडू तोच, फक्त एक फिल्म मधे आली. पुढे कित्येक वर्षं तो छोट्या लीगमध्ये भटकला, आणि शेवटी नकलबॉल शिकला : जवळजवळ न फिरणारा चेंडू, शिवणीवरून हवा कशी जाईल त्यावर डुगडुगणारा, कॅचरलाही न कळणारा. २०१२ मध्ये, ३७ व्या वर्षी, मेट्सकडून २० विन, २.७३ ईआरए आणि साय यंग. नकलबॉलवाल्याला हा पुरस्कार पहिल्यांदाच मिळाला. त्याच वर्षी सीझनच्या आधी तो किलिमांजारो चढून आला होता, आणि त्यातून जमवलेले पैसे होते आपल्या मुंबईतल्या कामाठीपुऱ्यातून मुलींना सोडवणाऱ्या संस्थेसाठी. २०१३ च्या सुरुवातीला तो आपल्या मुलींना घेऊन मुंबईत आलाही. आपल्याकडे किती जणांना कळलं? ज्याला २०१२ च्या ड्राफ्टमध्ये कुणी हात लावत नव्हतं, त्याला मुंबईतही कुणी ओळखलं नसावं.

राहता राहिल्या व्यवहाराच्या गोष्टी. आठवड्यात दोन स्टार्ट असलेला साधा पिचर एका स्टार्टवाल्या बऱ्या पिचरपेक्षा स्ट्राइकआउट जास्त देतो, पण ईआरए बुडवूही शकतो. तेव्हा समोरच्या दोन्ही टीम बघून घ्या. शेवटच्या फेरीत घेतलेल्याला चार-पाच स्टार्टचा वेळ द्या, मात्र त्याचा वेग अचानक कमी झाला तर थांबू नका, कोपराची भानगड असते. आणि लाइन-अप झोपायच्या आधी लावून ठेवा, कारण न्यूयॉर्कचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतो, आणि आमच्या विंगमधलं वाय-फाय नेमकं तेव्हाच झोपलेलं असतं.