अश्वशक्ती वाढवावी, पण मुद्दल राखून

इंग्लंडमध्ये १९२२ साली 'ऑस्टिन सेव्हन' ही छोटेखानी मोटार अवतरली. सामान्य कुटुंबाला परवडेल अशी ही गाडी हर्बर्ट ऑस्टिन यांनी स्टॅन्ले एज या अवघ्या अठरा वर्षांच्या आरेखकाच्या साहाय्याने साकारली. तिच्या ७४७ घनसेंटिमीटरच्या चार सिलिंडरी इंजिनाची शक्ती जेमतेम साडेदहा अश्वशक्ती होती. तथापि, याच इंजिनातून अधिक शक्ती मिळविण्याचा ध्यास पुढे अनेक हौशी तंत्रज्ञांनी घेतला.

इंजिनाची शक्ती मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असते : सिलिंडरमध्ये किती मिश्रण शिरते, ज्वलनापूर्वी ते किती दाबले जाते आणि मिनिटाला किती फेरे होतात. 'सेव्हन'मध्ये दोन-दोन सिलिंडरांना मिळून एकच प्रवेशमार्ग होता. एका सिलिंडरची झडप मिटण्यापूर्वीच शेजारची उघडे आणि एकाच्या तोंडचा घास दुसरा पळवी. कॉलिन चॅपमन या तरुण अभियंत्याने १९५१ मध्ये आपल्या लोटस गाडीसाठी या मार्गात धातूचा पातळ दुभाजक बसविला. प्रत्येक सिलिंडरला आपला वाटा मिळाला आणि ती गाडी शर्यतींत इतरांना भारी ठरली. इंजिनाचा आकार तसूभरही वाढला नव्हता!

दाब वाढविण्यासाठी सिलिंडरचे डोके घासून ज्वलनकक्ष लहान करता येतो. सुरुवातीच्या 'सेव्हन'चे दाब-गुणोत्तर पाचाहूनही कमी असल्याने येथे सुधारणेस वाव असतो.

खरा धोका फेरे वाढविण्यात आहे. या इंजिनाचा क्रँकशाफ्ट १९३६ पर्यंत केवळ दोन टोकांच्या बेअरिंगांवर तोललेला असे. फेरे दुप्पट झाले की पिस्टनच्या ये-जा करण्यामुळे येणारा ताण चौपट होतो. मधल्या भागाला आधार नसलेला दांडा वाकू लागतो आणि अखेर तुटतो. तुटलेला दांडा सिलिंडरखालचे कवचही फोडू शकतो. मूळ भाग असा एकदा गेला की गेलाच.

म्हणून सुज्ञ मालक क्रम पाळतो. प्रथम झडपा, प्रज्वलनाची वेळ व कार्बोरेटर नीट करून हरवलेली शक्ती परत मिळवावी. मग क्रँकशाफ्टची भेगांसाठी तपासणी व तोल साधणे. त्याबरोबरच ब्रेक पाहावेत. १९३० पूर्वीच्या 'सेव्हन'मध्ये पायाचा ब्रेक केवळ मागील चाकांवर चाले, पुढील चाकांसाठी हाताचा दांडा ओढावा लागे. अधिक दाबाचे डोके वेगळे बनवून घ्यावे आणि मूळ डोके जपून ठेवावे. कापलेला धातू पुन्हा जोडता येत नाही.

भारतातील मालकांना आणखी एक भान हवे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी वाहन पन्नास वर्षांहून जुने व मूळ स्वरूपातले असावे लागते; चासी, सांगाडा वा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. चार अश्वशक्तींच्या मोहापायी हा दर्जा गमावणे म्हणजे व्याजाच्या आशेने मुद्दल घालविण्यासारखेच होय.

शंभरीच्या घरातील इंजिन आजही धावते, ते बनविणाऱ्यांच्या कौशल्याइतकेच पुढच्या मालकांच्या संयमामुळे. तो संयम हाही त्या गाडीबरोबर मिळालेला वारसाच आहे.