बिरादरी, भामरागडच्या जंगलातली

रमजानच्या दिवसांत ‘बिरादरी’ हा शब्द मोहल्ल्यात बराच कानी पडतो. फारसी ‘बिरादर’ म्हणजे भाऊ, त्यावरून बिरादरी. रोजच्या बोलण्यात मात्र तो आक्रसून आपापल्या जातजमातीपुरता उरला. बाबा आमटे यांनी त्याच्यामागे ‘लोक’ जोडला आणि 23 डिसेंबर 1973 रोजी हेमलकशात ‘लोक बिरादरी प्रकल्प’ सुरू झाला. गडचिरोली जिल्हा तेव्हा व्हायचा होता. तो झाला 1982 साली.

हेमलकशाची कहाणी डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या नावाने सांगितली जाते, ते रास्तच. पण तरुणांच्या ज्या छावणीने या कामाला माणसे मिळण्याची वाट करून दिली, तिच्याकडे कमी लक्ष जाते. मूल तालुक्यातल्या सोमनाथला साठच्या दशकाच्या अखेरीस बाबांची श्रमसंस्कार छावणी सुरू झाली. मे महिन्यात, आणि तेही चंद्रपूरच्या उन्हात, शहरांतली कॉलेजची मुले-मुली येत. सकाळी कुदळ-फावडे, मग चर्चा, गाणी. बहुतेक जण आठवडाभर राहून घरी परतत. थोडे मात्र बाबांच्या कामात कायमचे गुंतत.

नागपूरचे शल्यचिकित्सेचे पुढील शिक्षण सोडून डॉ. प्रकाश हेमलकशाला आले, डॉ. मंदाकिनी सोबत होत्या. पुढे विलास आणि रेणुका मनोहर, गोपाळ फडणीस असे साथीदार जमले. वीज नाही, पावसाळ्यात रस्ता नाही. माडिया माणसे या परक्यांना पाहून दूर पळत, आणि त्यात त्यांचे काय चुकले? बाहेरून येणाऱ्या सावकाराचा, ठेकेदाराचा अनुभव त्यांना पुरेसा होता. मग या तरुणांनी आधी माडिया बोली शिकून घेतली. मांत्रिकाचे उपाय थकल्यावर आणलेले रुग्ण बरे होऊन चालत गेले, तेव्हा कुठे वस्त्या जवळ आल्या.

1976 साली आश्रमशाळा निघाली. पुस्तके मराठीत, मुलांची माडिया तर लिहिलीच जात नव्हती. घरी उर्दू आणि वर्गात मराठी अशी कसरत केलेल्यांना या मुलांची अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. फरक एवढाच की उर्दूला निदान पुस्तके होती. तरीही याच शाळेतून माडिया समाजातले डॉक्टर आणि वकील घडले.

सत्तरी गाठलेल्या बाबांनी डिसेंबर 1985 मध्ये तरुणांना सायकलवर बसवून कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा नेली. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना स्वतःला बसता येत नव्हते, गाडीत आडवे पडून ते गेले. त्या यात्रेची वर्तमानपत्रांनी दखल घेतली. हेमलकशाला मात्र बराच काळ फारसे कोणी फिरकत नव्हते. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला 2008 साली, काम सुरू झाल्यावर जवळपास 35 वर्षांनी. आता पुढच्या पिढीने आतल्या नेलगुंडा गावात शाळा काढली आहे. तिथल्या मास्तरांनाही पहिला धडा माडियातूनच गिरवावा लागतो.