देवनहळ्ळी ते नागवारा: लहान बॅटरीचा एक दिवस

सकाळी 6. बंगळुरूजवळ देवनहळ्ळीत घरी चार्जरची वायर काढते. क्रेटा इलेक्ट्रिकच्या पडद्यावर 80 टक्के. रोजच्यासाठी एवढीच भरते. आमची 42 किलोवॅट-तासांची, म्हणजे लहान बॅटरीची. मोठी 51.4 ची. जानेवारी 2025 मध्ये बाजारात आल्या तेव्हा लहानीची एक्स-शोरूम किंमत 17.99 लाखांपासून होती, मोठीची 21.50 लाखांपासून. घरात बहुतेकांचा कौल मोठीला होता. बेळगावहून सासऱ्यांचा फोन आला, "अगं, इकडे यायचं म्हणजे पाचशे किलोमीटर. मध्येच बंद पडली तर?"

7.30. मुलाला शाळेत सोडून राष्ट्रीय महामार्ग 44 ला लागते. विमानतळाच्या आसपास रस्ता मोकळा, वेग ऐंशीच्या वर, आणि बॅटरी सर्वांत जास्त इथेच खर्ची पडते, कारण वेगाबरोबर वाऱ्याचा अडथळा वाढतो. हेब्बाळच्या कोंडीत पेट्रोलची गाडी उभ्याउभ्या इंधन जाळते. इथे मोटर थांबलेली असते, चालू असतो फक्त एसी. पुढे सरकताना पाय उचलला की थोडी वीज बॅटरीत परतही जाते. शहरात नोकरी असलेल्यांनी हे नीट लक्षात घ्यावं.

9. नागवाऱ्यातलं मान्यता टेक पार्क. जाऊन-येऊन, शाळा-बाजार धरून दिवसाचे सुमारे 70 किलोमीटर. किलोमीटरला 150 वॅट-तास धरले तर साडेदहा युनिट, बॅटरीचा चौथा हिस्सा. पुढे जुनी होऊन तिची क्षमता तीस टक्क्यांनी घटली, तरी हा दिवस आरामात निघेल.

दुपारी 1. डबा खाताना सहकारी विचारतात, "मॅडम, रेंज किती?" बाजारात आली तेव्हा प्रमाणित आकडा 390 किलोमीटर होता, मोठीचा 473. मी 270 धरून चालते. बेळगावला जाताना पूर्ण भरून निघायचं, चित्रदुर्ग आणि हावेरीला थांबायचं. मोठीला एक थांबा पुरला असता. 50 किलोवॅटच्या चार्जरवर 10 ते 80 टक्क्यांना कंपनी दोन्हींसाठी 58 मिनिटंच सांगते. सणासुदीच्या प्रवासातला तो एक तास वाचवण्यासाठी लाखांनी पैसे मोजणं मला पटलं नाही. सासऱ्यांनाही हेच सांगितलं, "बाबा, तेवढ्यात आपलं जेवण होतं."

संध्याकाळी 7. पुण्याहून आई येते. विमानतळ घरापासून इतका जवळ की या फेरीचा हिशेबही धरत नाही. तिच्या बॅगा 433 लिटरच्या डिकीत मावतात. बॅटरी लहान घेतली म्हणून आतली जागा कमी होत नाही.

रात्री 10. पंधरा अँपियरच्या साध्या सॉकेटला वायर लावते. दिवसभराचा खर्च साधारण चार तासांत भरून निघतो.

गाडी घेण्याआधी महिनाभर रोजचे किलोमीटर वहीत लिहा. शंभराच्या आत असतील आणि घरी सॉकेट असेल, तर लहान बॅटरी बिनधास्त घ्या. सोसायटी चार्जिंगला परवानगी देत नसेल, तर आधी ती मिळवा.